उदाहरणातली बिल्डिंग

हॅलो? … हां, बोल नली. … नाही गं, बिझी कसली! फोन कानात आहे, हात कीबोर्डवर, तू बोल. … ऑफिसातच, अंधेरीत. आणखी कुठे असणार मी?

हो, हो… सांगितलंय मम्मीला. तुझा बॉटल मसाला बाजूला काढून ठेवलाय. … अगं, आमची आयरीनबाई एकदा हो म्हणाली की विषय संपला. गोराईला सध्या अंगणभर मिरच्याच आहेत, सकाळी बोटीत बसेपर्यंत मी शिंकत असते. … आणते गं रविवारी. आप्पांना म्हणावं, आंबोळ्या करून ठेवायला लावा सुनेला.

सिद्धेश? तो विमानात असेल आता. … नाही, बंगळूरची फ्लाइट लेट झाली, सांताक्रूझलाच लटकलोय म्हणून मेसेज होता. आता उडालं असणार, माझाही फोन लागला नाही. का गं? काय झालं?

… लिफ्ट? … परत?

हसू नको तर काय करू! तुझा नवरा आख्ख्या देशाच्या लिफ्टा चालवायला शिकवतो आणि त्याच्या घरची लिफ्ट दुपारपासून बंद-चालू, बंद-चालू. … बरं, नाही हसत. … आप्पा कुठेत? … खाली? या उकाड्यात? … अगं मग त्यांना दादूच्या केबिनमध्ये बसव ना, वॉचमनकडे टेबलफॅन तरी आहे. दम्याचा माणूस, अकरा मजले चढवणार आहेस का सासऱ्याला? … हां, बसलेत ना तिथे? मग ठीक आहे. कॅरम खेळतील.

… अय्या, म्हणजे तुला अजून माहीत नाही आम्ही दोघं काय करतो? तुमचं लग्न मी जुळवलं, नली! … बरं, ऐक. तुमच्या बिल्डिंगला ते 'रखवाली' बसवलंय ना? … तेच. लिफ्ट, पंप, गेट, लॉबीचे दिवे, सगळं नेटवरून चालतं ते. ते आमच्या कंपनीचं. पहिली बिल्डिंग तुमचीच, सिद्धेशच सोसायटीच्या मागे लागला होता. आता ते चालवणार कोण? माणसं नाहीत, एजंट. … फ्लॅटवाले एजंट नाहीत गं बाई! एआय. तू सोसायटीच्या अ‍ॅपवर तक्रार टाकलीस की लगेच गोड गोड उत्तर देतो ना, तो. तो नुसतं उत्तर देत नाही, कामही करतो. पण रखवाली चालवायचं कसं हे त्याला कुठून कळणार? म्हणून मॅन्युअल. ते सिद्धेश लिहितो आणि मी त्याला मार्क देते.

… हो, मास्तरीण. … अगं म्हणजे मी एका एजंटला ते मॅन्युअल वाचायला देते, एक खोटी बिल्डिंग देते, आणि कामं सांगते. लिफ्ट थांबव. पंप लाव. गेट उघड. वाचून जमलं तर मॅन्युअल चांगलं. गोंधळला तर सिद्धेशचे मार्क कापले. … हां, म्हणूनच घरी येऊन 'शॅरन खडूस आहे' म्हणतो. माहितीये मला.

नाही, या वेळी नाही कापले. या वेळी त्याने झकास लिहिलंय. जवळजवळ फुल मार्क. दुपारी बाहेरसुद्धा गेलं, सगळ्या गिऱ्हाइकांसाठी. मी आपली उगाच एक जादा फेरी लावून बसलेय, जेवणानंतर डोळे मिटतात म्हणून.

… काय वाहतंय?

… टाकी? गच्चीवरची? … मग दादूला सांग ना पंप बंद करायला. … बटण बंदच आहे? बटण बंद आणि पंप चालू? … येडी आहेस का, असं कसं होईल! नीट बघायला सांग त्याला. झोपेत असेल तो.

… नाही, बोल ना, ऐकतेय. माझा एजंट एक काम संपवून बसलाय, तेवढं बघत होते. 'पंप चालू केला.' … आमचा गं. खोट्या बिल्डिंगचा.

… हं.

… नाही, काही नाही. … जिन्यावरून पाणी येतंय? … बरं, थांब. थांब जरा. मी इथे पंप बंद करायला सांगते. … अशीच गं, माझ्या समाधानासाठी. … केला. … तिकडे काय?

… थांबला?

… दादूने केला असेल. विचार त्याला. … नाही केला?

नली, एक काम कर. बाहेर तुमच्या मजल्याच्या लॉबीत ये. दार लोटून घे, चावी घे हातात. … अगं ये तर. … आलीस? लिफ्टच्या दारावर आकडा दिसतो, त्याच्या बाजूला पांढरा दिवा आहे, सिद्धेशने कौतुकाने दाखवला होता मला. चालू आहे? … बरं. त्याच्याकडे बघत राहा. काही विचारू नको, फक्त बघ.

… गेला?

… आता? … आला?

देवा रे.

… नाही, घाबरू नको. अगं मी घाबरलेय म्हणून तू पण घाबरायचं असं आहे का? थांब. मला एक पान बघू दे. … तुमच्या बिल्डिंगचा नंबर असतो, लिफ्टजवळ पिवळा स्टिकर आहे बघ. वाच. … के, जे, हां… चार… सात… थांब, पुढचं मी वाचते, तू फक्त हो म्हण. एक, नऊ, नऊ, दोन.

… हो ना?

ते माझ्यासमोर लिहिलंय, नली. मॅन्युअलमध्ये. प्रत्येक पानावर.

… सांगते. ऐक ना, सांगते. मॅन्युअलमध्ये प्रत्येक कामाखाली एक उदाहरण असतं. अशी आज्ञा द्या, अशी लिफ्ट थांबवा. त्यात नंबर खोटा घालायचा असतो, सगळी शून्यं. तुझ्या नवऱ्याने तुमचा खरा घातलाय. नंबर पण आणि चावी पण. … चावी म्हणजे पासवर्ड गं. … मला वाटलं आमच्या खोट्या बिल्डिंगचाच नंबर आहे. तसाच दिसतो तो. मी कशाला स्टिकर वाचायला येतेय कांजूरला!

… का म्हणजे? माझ्यामुळे. … अगं, मागच्या वेळी मीच त्याचे मार्क कापले होते. उदाहरणं चालवून बघितली तर चालत नाहीत म्हणून. आमच्याकडे तसा नियमच आहे, उदाहरण उचलून जसंच्या तसं चालवायचं, चाललं तर मार्क. सगळ्या शून्यांवर काय चालणार, कप्पाळ? मग या वेळी त्याने चालणारा नंबर घातला. घरचाच. तोंडपाठ असेल त्याला. … आणि मी शेरा काय दिला माहितीये? 'उदाहरणं उत्कृष्ट. जशीच्या तशी चालतात.'

… एजंटला नंबर कळला नाही की तो उदाहरणातला उचलतो ना! पोरं गाइडमधून उत्तरं उचलतात, तसं. सगळे उचलतात. मी जेवण झाल्यापासून त्याला लिफ्ट थांबव, लिफ्ट सोड सांगतेय. नंबर तुमचा, तर हुकूम नेटवरून तुमच्याकडेच जाणार. तो तुमची थांबवत होता.

सॉरी, नली. खरंच सॉरी.

… ए, शिव्या नंतर दे. आता बंद करते मी माझं सगळं. … हे बघ, फेरी थांबवली. एजंट बंद. … झालं. आता कोणी हात लावणार नाही तुमच्या लिफ्टला. सिद्धेश उतरला की चावी बदलून टाकू, संध्याकाळपर्यंत नीट होईल. आणि त्याला मी असा धरते ना…

… चालू झाली? बघ. … हो, बोलाव आप्पांना वर. दादूला सांग बसवून दे त्यांना लिफ्टमध्ये. … मी आहे ना फोनवर, ते वर येईपर्यंत आहे. … तू पाणी पी तोवर.

… हो गं, बॉस ओरडणारच. ओरडू दे. मॅन्युअल मागे घ्यावं लागेल आता, दुपारी गेलंय फक्त, एवढ्यात कोणी काय…

… काय झालं?

… थांबली? कितव्यावर? … आप्पा आत आहेत?

मी नाही. नली, मी नाही काही केलं. आईशप्पथ. माझं बंद आहे, माझ्या समोर बंद आहे.

… पंखा पण गेला असेल, हो. ते 'देखभाल' म्हणून आहे, त्यात लिफ्ट आहे तिथे थांबते, दिवा-पंखा बंद होतो. … एक मिनिट. मला बघू दे कोण करतंय. …

… …

आहे गं, आहे मी. … नली, हे बाहेरचे आहेत. दुपारी मॅन्युअल बाहेर गेलं ना, ते वाचतायत. खूप जण वाचतायत. माणसं असती तर दोन-चार दिवस कोणी उघडलं नसतं, पण हे एजंट आहेत, हे लगेच वाचतात, सगळे एकदम वाचतात. कुठेतरी नागपूरला, सुरतेला कोणाला तरी आपली लिफ्ट दुरुस्तीसाठी थांबवायचीय. आणि एजंटला आपल्या बिल्डिंगचा नंबर मिळत नाहीये.

… हो. तुमची थांबवतोय.

रडू नको. थांब, माझ्याकडे पण तीच चावी आहे. मी सोडते लिफ्ट. … सोडली. हलली का? … हलली ना? आकडा वाच. … पाच. … सहा. … शाब्बास, येतायत वर. … सात…

… नली? पुढचा आकडा?

… सातच?

परत सोडते. … आता? … अगं हलली होती ना आत्ता! … लगेच थांबवली. हरामखोर. मी सोडते आणि दुसरा थांबवतो. परत. … परत सोडली, बघ. … नाही?

एल्रॉय! ए एल्रॉय, इकडे ये. फायर ब्रिगेडला फोन लाव. … इथे नाही रे, कांजूरमार्ग, सिद्धेशची बिल्डिंग. लिफ्टमध्ये माणूस अडकलाय, दम्याचा आहे. लाव आधी, नंतर सांगते!

… तुला नाही गं, एल्रॉयला म्हटलं. बाजूलाच बसतो. … लावतोय तो. नली, दादूला गच्चीवर पाठव, लिफ्टच्या मशीनरूममध्ये मेन स्विच असतो. तो पाडला की नेटवरून कोणी काही करू शकत नाही. … कुलूप? किल्ली कोणाकडे? … सेक्रेटरीकडे. मग त्याच्या दारात जा म्हणावं दादूला. … मुलुंडला गेलाय? आज? … बायको असेल ना घरी? तिच्याकडून घे म्हणावं. नाहीतर कुलूप तोड. माझ्या नावावर तोड!

… मी काय करतेय? मी नापास करतेय. … मॅन्युअल. मी नापास केलं की ते आपोआप उतरतं, कोणाला दिसत नाही. शेरा कोण लिहीत बसणार! … शून्य. दिला शून्य. … उतरलं. गेलं, नली, आता नवीन कोणी वाचणार नाही.

… ज्यांनी वाचलंय त्यांनी वाचलंय. त्यांच्या डोक्यातून कसं काढू मी?

… चावी बदलायला सिद्धेशचंच ओके लागतं. मी मार्क देणारी, मला चावी बदलू कोण देणार! … लावतेय ना त्याला पण, दुसऱ्या फोनवरून लावतेय. बंदच येतोय.

आप्पांचा आवाज येतोय का? … येतो? मग चांगलं आहे. काय म्हणतायत? … माका काय होणा नाय म्हणतायत? … मेल्यांनो म्हणून शिव्या पण देतायत? अगं मग उत्तम आहे, माणूस शिव्या देतोय म्हणजे श्वास आहे. त्यांच्याकडे तो तोंडात मारायचा स्प्रे असतो ना, तो? … घरी राहिला. … बरं. बरं, असू दे. खाली बसा म्हणावं. जमिनीवर बसा, शर्टाची बटणं काढा, बोलू नका. तू बोल त्यांच्याशी, त्यांना गप्प बसव.

… एल्रॉय म्हणतोय निघाली गाडी. ऐकलंस ना? निघाली.

… मी आहे. कुठे जातेय मी? सोडत राहते इथून, एक-एक मजला तरी सरकेल. … आता हलली? … थोडीशी? किती थोडीशी? … दोन मजल्यांच्या मध्ये. बरं. हरकत नाही. बसून राहा म्हणावं. गाडी येईपर्यंत कोणी काही करायचं नाही.

… काय? परत बोल, आवाज घुमतोय तुझा.

… अ‍ॅपवर? कधी टाकलीस? … नाही, रागावत नाहीये. काय लिहिलंस ते सांग. … 'सासरे लिफ्टमध्ये अडकले आहेत, लवकर बाहेर काढा.' … बरोबरच आहे गं, तू दुसरं काय लिहिणार!

उत्तर आलं? … वाच. … तसंच वाच, काय लिहिलंय ते.

… 'मी अडकलेल्या व्यक्तीच्या सुटकेची प्रक्रिया सुरू करत आहे.'

थांब. ते पान बघते. … पान उतरवलंय ना मीच, शी! … माझ्याकडे आहे, माझ्याकडे कॉपी आहे. … सुटका… सुटका… हे बघ. 'प्रथम दारं उघडा.' … अच्छा. … दारं उघडा. … कुठली? कुठल्या मजल्याची? लिफ्ट कुठे आहे ते बघून की…

… काहीच लिहिलेलं नाही. खाली उदाहरण आहे नुसतं. 'सर्व मजले.'

हे मी पास केलं, नली. या पानाला मी माझ्या खोट्या बिल्डिंगचा नंबर दिला होता, तिथे दार उघड म्हटलं की उघडलं, हिरवी खूण आली, मी पुढे गेले. माझ्या बिल्डिंगमध्ये दारामागे खड्डाच नाहीये.

… तू कुठे उभी आहेस?

… नाही, कुठे म्हणजे नेमकी कुठे? … दाराला टेकून?

मागे हो.

… अगं आप्पांना नाही ऐकू आलं तर नको येऊ दे! हात काढ दारावरचा. कान काढ. नली, मागे हो, भिंतीकडे जा, घरात जा… विचारू नको, आधी मागे हो, मग सांगते…

… ती कोण बोलली? … नाही, तू नाही. बाई बोलली कोणीतरी आत्ता. लिफ्टमधली ती रेकॉर्डवाली बाई, काय म्हणाली ती? दरवाजा काय…

नली, मागे…

…

नली?

… फोन पडला का तुझा? … उचल ना. … अगं उचल, मला आवाज येतोय तिकडचा, फोन चालू आहे.

… नली, घरात गेलीस का? सांगून तरी जायचं ना.

… …

आप्पा हाक मारतायत गं. … मला इथपर्यंत ऐकू येतंय. … नलिनी, नलिनी करतायत.

… ओ दे ना त्यांना.